आरोग्यसेवेचे अंतर : कॅनडाच्या उत्तरेकडील अनुभव

(आदिवासी भागात नव्याने रुजू होणाऱ्या आरोग्यसेवक व आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आरोग्यसेवेसारख्या विषयावर आपल्यापुढे बोलावयास मी उभा आहे, तो वैद्यकाचा जाणकार म्हणून नव्हे. मी कलाशाखेचा पदवीधर. शासनाच्या योजना शब्दांत मांडून लोकांपर्यंत पोहोचविणे, हे माझे काम. तेव्हा रोग आणि औषधे हा विषय आपल्या गुरुजनांकडे सोपवून मी फक्त एका क्रियापदाविषयी बोलणार आहे. ते क्रियापद म्हणजे ‘पोहोचणे’.

या क्रियापदाशी माझी खरी ओळख कशी झाली, ते आधी सांगितले पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका डोंगराळ भागातील उपकेंद्राच्या उद्घाटनाचे वृत्त मी लिहिले होते. ‘या उपकेंद्रामुळे परिसरातील सर्व गावांना आरोग्यसेवा उपलब्ध झाली आहे,’ हे त्यातील शेवटचे वाक्य. पुढे श्रावणात त्याच भागात जाण्याचा योग आला. नाला दुथडी भरून वाहत होता. परिचारिकेची बदली झालेली होती आणि दाराला कुलूप होते. नाल्याच्या अलीकडे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाने मला शांतपणे विचारले, “साहेब, दवाखाना आला असं पेपरात आलं होतं म्हणतात. मग तो आमच्याकडं कधी यायचा?”

माझे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, पण ते खरे नव्हते. इमारत उभी राहणे आणि सेवा पोहोचणे यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी मला दिसले. हे अंतर इतरत्र कसे मोजले गेले आणि कसे कमी केले गेले, याविषयी मिळेल ते वाचण्याची सवय तेव्हापासून लागली. त्या वाचनात कॅनडाच्या उत्तर भागातील मूळ रहिवाशांचा अनुभव मला सर्वांत बोधप्रद वाटला. तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

कॅनडाच का, असे आपण विचाराल. त्याचे कारण सरळ आहे. कॅनडा हा श्रीमंत देश. तेथे रुग्णालयाचा व डॉक्टरांचा खर्च सार्वजनिक विमा योजनेतून भागविला जातो. १९८४ च्या कॅनडा आरोग्य अधिनियमाने जी पाच तत्त्वे घालून दिली, त्यांत सेवा प्रत्येकाच्या आवाक्यात असली पाहिजे, हे एक तत्त्व आहे. पैसा आहे आणि कायदाही आहे. केवळ एवढ्यावर सेवा पोहोचत असती, तर तेथील मूळ रहिवाशांपर्यंत ती कधीच पोहोचली असती. ज्या अर्थी ती पुरतेपणी पोहोचलेली नाही, त्या अर्थी अडचण आणखी कोठेतरी आहे.

बर्फाचा मुलूख

कॅनडाच्या राज्यघटनेने १९८२ मध्ये मूळ रहिवाशांचे तीन समाज मान्य केले : फर्स्ट नेशन्स या नावाने ओळखले जाणारे क्री, अनिशिनाबे आदी अनेक समाज, मेटी समाज आणि ध्रुवप्रदेशातील इनुइट. २०२१ च्या जनगणनेनुसार त्यांची एकूण संख्या सुमारे १८ लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या पाच टक्के आहे. यांपैकी बरेच लोक शहरांतून राहतात. परंतु उत्तरेकडे विखुरलेल्या वस्त्यांची गोष्ट वेगळी आहे.

इनुइटांचा नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट. लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार ३७ हजारांच्या आसपास. आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाएवढी. ही माणसे २५ वस्त्यांत राहतात आणि या वस्त्यांना परस्परांशी किंवा दक्षिणेशी जोडणारा रस्ता नाही. जावयाचे तर विमानाने. हिमवादळ सुटले किंवा दाट धुके उतरले की विमानही नाही. पूर्ण स्वरूपाचे रुग्णालय राजधानी इकालुइट येथे, एवढे एकच. इतर वस्त्यांतून परिचारिका चालवितात ती आरोग्य केंद्रे आहेत. मोठ्या उपचारासाठी पूर्वेकडील रुग्णांना ओटावा, मध्य भागातील रुग्णांना विनिपेग आणि पश्चिमेकडील रुग्णांना यलोनाइफ किंवा एडमंटन गाठावे लागते. इकालुइट ते ओटावा हे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. दिल्लीच्या माणसाला कन्याकुमारीच्या रुग्णालयात पाठवावे, तसा हा प्रकार.

ओंटारिओ प्रांताच्या उत्तर भागातील क्री व अनिशिनाबे वस्त्यांनाही वर्षातील बराच काळ विमानाचाच आधार असतो. हिवाळ्यात नद्या आणि सरोवरे गोठली की त्यांवरून काही आठवडे गाड्या जातात. हवामान उष्ण होत चालल्याने ही बर्फाची वाटही आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. मूस नदीतील बेटावर वसलेल्या मूस फॅक्टरी या गावी रुग्णालय आहे. उन्हाळ्यात तेथे नावेने आणि हिवाळ्यात बर्फावरून जातात. नदी गोठू लागते किंवा वितळू लागते, त्या दिवसांत मात्र हेलिकॉप्टरवाचून गत्यंतर नसते. आपल्यापैकी ज्यांनी पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटताना पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

रोग हटला, माणूसही हरपला

एवढ्या अंतरावर सेवा पोहोचविण्याचा पहिला मोठा प्रयत्न क्षयरोगाच्या निमित्ताने झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास इनुइटांमध्ये क्षयाने थैमान घातले होते. १९५० पासून ‘सी. डी. हाउ’ नावाचे शासकीय जहाज दर उन्हाळ्यात पूर्व ध्रुवप्रदेशातील वस्त्यांना भेट देऊ लागले. जहाजावर डॉक्टर होते आणि क्ष-किरण यंत्र होते. वस्तीतील लोकांना जहाजावर आणून तपासणी होई आणि ज्याच्या छातीत दोष आढळे, त्याला तेथूनच दक्षिणेकडील आरोग्यधामात नेण्यात येई. अनेकांना किनाऱ्यावर परत जाऊन निरोप घेण्याची किंवा चार कपडे बरोबर घेण्याचीही मुभा मिळाली नाही. आईला नेले तर मुले शेजाऱ्यांकडे राहिली, मुलाला नेले तर आईबाप किनाऱ्यावर उभे राहिले. १९५६ च्या सुमारास इनुइटांपैकी साधारणतः प्रत्येक सातवा माणूस दक्षिणेतील कोणत्या ना कोणत्या आरोग्यधामात होता. त्या वर्षी हॅमिल्टन शहराच्या आरोग्यधामात जितके इनुइट होते, तितके क्वचितच त्यांच्या एखाद्या गावात असतील.

हे काम करणारे डॉक्टर दुष्ट नव्हते, हे ध्यानात घ्यावयास हवे. औषधे गुणकारी होती. पुढील दोन दशकांत क्षयाचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि अनेकांचे प्राण वाचले. परंतु उपचार दोनदोन वर्षे चाले, रुग्णालयात कोणाला इनुक्तितुत भाषा येत नसे आणि घरी पत्र पोहोचण्याची शाश्वती नसे. परत आलेली काही मुले आपली भाषा विसरून गेली होती. जे मरण पावले, त्यांना कोठे पुरले, हे कित्येक कुटुंबांना कळविलेच गेले नाही. याचा परिणाम असा झाला, की जहाज येण्याची वेळ झाली म्हणजे काही जण ते टाळण्यासाठी वस्तीपासून दूर निघून जात. सेवा दारी येत होती आणि ज्यांच्यासाठी ती येत होती, तेच तिच्यापासून पळत होते.

८ मार्च २०१९ रोजी कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी इकालुइट येथे जाऊन या वागणुकीबद्दल शासनाच्या वतीने क्षमा मागितली. त्याच वेळी ‘नानिलावुत’ हा उपक्रम जाहीर करण्यात आला. या शब्दाचा अर्थ ‘चला, त्यांना शोधू या’. जुन्या नोंदी जुळवून, हरवलेल्या आप्तांच्या कबरी कोठे आहेत हे कुटुंबांना सांगणे, हे त्याचे काम. साठ वर्षांपूर्वी एक कार्ड लिहून जे साधले असते, त्यासाठी आता शोधमोहीम काढावी लागली. नोंदवही भरणे हे आपल्याला कंटाळवाणे काम वाटते. परंतु कोणाला कोठे नेले आणि त्याचे पुढे काय झाले, याची नोंद हा उपचाराचाच भाग असतो.

आणि क्षय? तो पुरता गेला नाही. २०१६ मध्ये इनुइटांमधील क्षयाचे प्रमाण कॅनडात जन्मलेल्या इतर, म्हणजे मूळ रहिवासी नसलेल्या नागरिकांच्या सुमारे ३०० पट होते. एकेका लहान घरात दाटीने राहणारी कुटुंबे, महाग अन्न आणि सेवेविषयीचा जुना अविश्वास ही त्याची कारणे होत. २०३० पर्यंत इनुइट प्रदेशातून क्षयाचे उच्चाटन करण्याचा संकल्प कॅनडा शासन व इनुइट संघटना यांनी २०१८ मध्ये संयुक्तपणे सोडला. तो पार पाडावयाचा, तर जहाजाने गमावलेला विश्वास आधी परत मिळवावा लागेल.

दोन शासनांच्या मध्ये एक बालक

अंतर नेहमी भूगोलाचेच असते असे नाही. काही वेळा ते कार्यालया-कार्यालयांमधील असते. कॅनडात सर्वसाधारण आरोग्यसेवा प्रांतांकडे आहे, तर राखीव क्षेत्रांतील फर्स्ट नेशन्स व इनुइट यांच्या आरोग्याचा बराचसा भार केंद्र शासनाकडे. हा भार केंद्राकडे येण्यामागे इतिहास आहे. १८७६ च्या सहाव्या करारात मूळ रहिवाशांच्या उपयोगासाठी शासकीय प्रतिनिधीच्या घरी औषधांची पेटी ठेवावी, असे कलम होते. त्या पेटीचा अर्थ आजच्या काळात किती व्यापक घ्यावा, यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. मूळ रहिवाशांच्या मते आरोग्यसेवा हा कराराने मिळालेला हक्क आहे. शासनाच्या मते ती धोरणाची बाब.

या वादाची किंमत एका बालकाने मोजली. जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मॅनिटोबा प्रांतातील नॉर्वे हाउस या क्री समाजाचा मुलगा. १९९९ मध्ये जन्मलेल्या या मुलाला गुंतागुंतीचा आजार असल्याने तो विनिपेगच्या रुग्णालयात होता. तो दोन वर्षांचा असताना, आता त्याला रुग्णालयाबाहेर घरगुती वातावरणात ठेवता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले. पण तेथील खर्च केंद्राने करावयाचा की प्रांताने, यावर दोन्ही शासनांत एकमत होईना. पत्रव्यवहार दोन वर्षांहून अधिक काळ चालला. २००५ मध्ये, पाच वर्षांचा असताना, जॉर्डन रुग्णालयातच वारला. आपल्या घरात तो एक दिवसही राहिला नाही.

१२ डिसेंबर २००७ रोजी कॅनडाच्या लोकसभागृहाने त्याच्या नावाने एक तत्त्व मान्य केले. ते असे, की मुलाला सेवेची गरज असेल, तर ज्या शासनाकडे प्रथम मागणी येईल त्याने ती पुरवावी, हिशेब मागाहून करावा. तत्त्व साधे आहे, तरीही ते अमलात येण्यासाठी २०१६ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाला आदेश द्यावे लागले. आपण सर्व जण कोणत्या ना कोणत्या खात्याचे सेवक आहोत. ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. ते उच्चारण्यापूर्वी जॉर्डनची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.

इमारत, माणूस आणि हिशेब

जानेवारी १९८८ मध्ये सँडी लेक या उत्तर ओंटारिओतील वस्तीचे पाच जण, जोसायस फिडलर यांच्या पुढाकाराने, सू लुकआउट येथील शासकीय रुग्णालयात उपोषणास बसले. आपल्या लोकांना मिळणाऱ्या सेवेचा दर्जा आणि तिच्या कारभारात आपल्याला नसलेला वाव, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. उपोषणाचे साधन आपल्याला नवे नाही. त्या दूरच्या गावी ते फळाला आले. शासनाने चौकशी मंडळ नेमले आणि १९८९ मध्ये त्याचा अहवाल आला. पुढे १९९७ मध्ये चार पक्षांत करार होऊन तेथील दोन वेगवेगळी रुग्णालये एक करण्याचे ठरले आणि २०१० मध्ये ‘मेनो या विन’ या नावाने नवी वास्तू उभी राहिली. या रुग्णालयात दुभाषे आहेत, समाजाच्या पारंपरिक उपचारांना जागा आहे आणि रुग्णांना त्यांच्या सवयीचे रानातील व नदीतील अन्न देण्याची व्यवस्था आहे. रुग्णाच्या ताटातले अन्न ओळखीचे असावे, हा विचार लहान दिसतो. पण परक्या मुलखात पडलेल्या माणसाला तो फार मोठा वाटतो.

असे असले, तरी वस्त्यांमधील परिचारिका केंद्रांची स्थिती मात्र पुढेही चिंताजनक राहिली. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये मॅनिटोबा व ओंटारिओ येथील दुर्गम वस्त्यांतील सेवेची तपासणी केली. नमुन्यादाखल निवडलेल्या ४५ परिचारिकांपैकी सक्तीचे पाचही प्रशिक्षणक्रम पूर्ण केलेली परिचारिका फक्त एक निघाली. एका ठिकाणी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या निवासाची मलनिस्सारण व्यवस्था दोन वर्षांहून अधिक काळ दुरुस्त झाली नव्हती. राहावयास जागा नाही म्हणून तज्ज्ञांनी आपल्या भेटी रद्द केल्या. एका नादुरुस्त टाकीपायी रुग्ण तज्ज्ञाला मुकले. लेखापरीक्षणाचा अहवाल हे सहसा कोणी आवडीने वाचीत नाही. परंतु माझ्या त्या जुन्या वृत्तातील शेवटचे वाक्य खोडून काढावयाचे असते, तर मी असाच अहवाल लिहिला असता. केंद्र आहे काय, एवढे विचारून तो थांबत नाही. आत कोण आहे, त्याला काय येते आणि तेथे मुक्काम करता येतो काय, हेही तो विचारतो.

आपल्या मातीत जन्म

आता आशेच्या बाजूकडे वळू. दुर्गम वस्त्यांतील गरोदर स्त्रियांना प्रसूतीच्या काही आठवडे आधी विमानाने दक्षिणेकडे पाठवावयाचे, असा रिवाज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या उत्तरेत रूढ झाला. हेतू सुरक्षिततेचा होता. पण त्या स्त्रीने घरची लहान मुले मागे ठेवून, अनोळखी शहरातील वसतिगृहात, आपली भाषा न जाणणाऱ्या लोकांत, एकटीने दिवस मोजावयाचे! गावात जन्म होणेच बंद झाले आणि जुन्या सुइणींचे ज्ञान त्यांच्याबरोबरच मावळू लागले. गावात मरण दिसते, जन्म दिसत नाही, अशी स्थिती आली.

हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील पुविर्नितुक या इनुइट गावातील स्त्रियांनी हे बदलावयाचे ठरविले. त्यांच्या आग्रहातून १९८६ मध्ये तेथे प्रसूतिगृह सुरू झाले. त्याची रीत अभ्यासण्यासारखी आहे. गावातीलच तरुण स्त्रियांना, अनुभवी सुइणींच्या हाताखाली, प्रत्यक्ष काम करता करता सुईणपणाचे आधुनिक शिक्षण देण्यात आले. प्रत्येक गरोदर स्त्रीचा विचार सुइणी, परिचारिका व डॉक्टर एकत्र बसून करतात आणि कोणाची प्रसूती गावात व्हावी, कोणाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे, हे ठरवितात. येथे शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याची सोय नाही आणि ती सोय असलेले रुग्णालय विमानाने काही तासांच्या अंतरावर आहे. असे असूनही या केंद्राचे काम सुरक्षित असल्याचे प्रकाशित अभ्यासांतून दिसून आले. पुढे १९९८ मध्ये इनुक्जुआक आणि २००४ मध्ये सालुइत येथे अशीच केंद्रे निघाली. ज्या स्त्रियांना पूर्वी दूर धाडले जाई, त्यांपैकी बहुसंख्य आता आपल्याच भागात, आपल्या भाषेत धीर देणाऱ्या बाईच्या हाती प्रसूत होतात.

याच क्वेबेक प्रांतातील आणखी एक उदाहरण. आजारी बालकांना नेणाऱ्या शासकीय रुग्णविमानातून आईवडिलांना सोबत जाऊ देत नसत. उत्तरेकडील इनुइट व क्री मुले एकटीच मोठ्या शहरी रुग्णालयात दाखल होत. बालरोगतज्ज्ञांनी २०१८ च्या आरंभी याविरुद्ध मोहीम उघडली आणि त्याच वर्षी हा नियम बदलला. त्यासाठी नवे विमान लागले नाही, नवे औषध लागले नाही. आईला एक आसन मिळाले, इतकेच.

गावाने निवडलेला माणूस

कॅनडाच्या शेजारचे अलास्का हे अमेरिकेचे राज्य. तेथील मूळ रहिवाशांची गावेही अशीच रस्त्यावाचून आहेत. १९५० च्या दशकात तेथेही क्षयाची साथ होती. सर्वांनाच रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, म्हणून गावातीलच माणसांना शिकवून त्यांच्या हातून रुग्णांना नियमित औषध देण्याची पद्धत पडली. त्यातूनच १९६८ मध्ये ग्राम आरोग्य साहाय्यकांची योजना अधिकृत स्वरूपात उभी राहिली. गाव आपला साहाय्यक निवडते. काही आठवड्यांचे एक, अशा टप्प्यांनी त्याचे शिक्षण होते. हाती पायरीपायरीने मार्ग दाखविणारी पुस्तिका असते आणि दूरच्या डॉक्टरशी सल्लामसलत करण्याचे साधन असते. पूर्वी ते साधन म्हणजे बिनतारी यंत्र होते. पुढे दूरध्वनी आला, आणि आता रुग्णाच्या कानाच्या पडद्याचे छायाचित्रही तज्ज्ञाकडे धाडता येते. साधने बदलली, मात्र ज्याच्या हाती ती दिली, तो माणूस गावचाच राहिला. आज सुमारे १७० गावांत ही सेवा चालते.

या सर्व अनुभवांचे सार मला असे दिसते : रुग्णाला त्याच्या माणसांपासून तोडून दिलेली सेवा एक दुखणे बरे करते आणि दुसरे लावून जाते. उलट, कौशल्य गावात आणून गावच्याच माणसाच्या हाती ठेवले आणि शासन त्याच्या पाठीशी भक्कम उभे राहिले, तर हजार किलोमीटरांचे अंतरही आटोक्यात येते. यांतील एक गोष्ट असून दुसरी नसेल, तर काम होत नाही. नुसता गावचा माणूस, पण त्याला शिक्षण नाही, औषध नाही, वेळेवर वाहन नाही, तर ती लोकांची फसवणूक ठरेल.

आपल्या दारी

हे तत्त्व आपल्याला परदेशातून आणावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामस्त्रियांकरवी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्या गावांत नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. जे पुविर्नितुकच्या सुइणींनी दाखविले, तेच आपल्या गावच्या बायांनी दाखविले.

तसेच आपले ‘माहेरघर’. दुर्गम पाड्यांवरील गरोदर मातेला प्रसूतीपूर्वी काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात राहता यावे, यासाठी ही सोय आहे. कॅनडातील त्या वसतिगृहात आणि आपल्या माहेरघरात एक मोलाचा फरक आहे. येथे ती बाई आपले लहान मूल आणि घरचे माणूस बरोबर आणू शकते. ज्याने हे नाव सुचविले, त्याला भाषेची उत्तम जाण असली पाहिजे. पण नाव माहेरचे आणि वागणूक परक्याची, असे होऊ नये. तेथे येणारी बाई माडिया बोलत असेल, कोरकू बोलत असेल, पावरी बोलत असेल. तिला पहिला शब्द तिच्या भाषेत ऐकू आला, तर ते खरोखर माहेर. नाही तर ती चौथ्या दिवशी न सांगता निघून जाईल, आणि आपण अहवालात ‘लाभार्थी अनुपस्थित’ असे लिहू.

तेव्हा, बंधुभगिनींनो, आपल्या नेमणुकीच्या गावी गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम करावे. आपल्या उपकेंद्रापासून पाड्याचे अंतर किती, हे नकाशावर असतेच. आपण ते उलट बाजूने मोजावे. शेवटच्या पाड्यावरील शेवटच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून विचारावे : या घरातील बाईला रात्री कळा सुरू झाल्या, तर तिने कोणाला हाक मारावयाची? नाल्याला पाणी असेल तर कोणत्या वाटेने जावयाचे? तिचे बोलणे कोणाला समजेल? तिच्याबरोबर कोण जाईल आणि तिची खबर घरी कोण देईल? या प्रश्नांची उत्तरे आपल्या वहीत ज्या दिवशी लिहिली जातील, त्या दिवशी त्या घरापर्यंत सेवा पोहोचली असे समजावे.

माझ्यापुरते सांगावयाचे, तर त्या श्रावणानंतर ‘सेवा उपलब्ध झाली’ हे वाक्य लिहिताना माझी लेखणी थांबते. आधी दूरध्वनी करून विचारतो, दार उघडे आहे काय आणि आत कोण आहे. आपल्यापैकी कोणीतरी पलीकडून “मी आहे” असे उत्तर देईल, या भरवशावर यापुढे मी ते वाक्य लिहीन. ते खरे ठेवणे आपल्या हाती आहे.